ट. ख. वेगळा

हेडफोनचा डावा कान गेला. माझा नव्हे, हेडफोनचा. आमच्या घरात हल्ली एवढा खुलासा करावा लागतो. पंधरा दिवस तो येऊन-जाऊन होता. वायर पिनेपाशी अंगठ्यानं दाबायची, जरा उजवीकडे मुरडायची, फोन पोटाशी धरायचा, की डाव्या कानात आवाज यायचा. पण अशा अवस्थेत भाजी निवडता येत नाही. रविवारी दुपारी गवार मोडता मोडता तबला निघून गेला आणि नुसती पेटी उरली, तेव्हा ताट बाजूला सारलं आणि नवीन शोधायला बसले.

मला वायरवालेच लागतात. बिनवायरचे, कानात बोंडं घातल्यासारखे दिसणारे, लेकानं एकदा आणून दिले होते. त्यांना चार्जिंगला लावा, त्यांच्या डबीला चार्जिंगला लावा, म्हणजे घरात खाणारी आणखी दोन तोंडं. त्यातलं एक सलवारीच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेलं आणि स्वच्छ होऊन निघालं. वायर असली की वस्तू हरवत नाही, फक्त गुंता होतो. गुंत्याचं मला काही वाटत नाही. २००७ साली अमेरिकेत दोन शास्त्रज्ञांनी दोरीचा तुकडा डब्यात घालून डबा गरागरा फिरवला आणि गाठ बसते का ते पाहिलं. एकदा नाही, ३,४१५ वेळा. काही सेकंदांतच गाठी बसतात, असं निघालं. आमच्या आजीनं लोकरीच्या पिशवीकडे बोट दाखवून हे फुकट सांगितलं असतं.

तर हेडफोन २४९ रुपयांना. काळे, कानाला मऊ गादी, चार तारे आणि वर एक अर्धा. खाली बारीक अक्षरांत, डिलिव्हरी ४० रुपये. ४९९च्या वर खरेदी केली तर फुकट.

बोट तिथेच थांबलं. सरळ २८९ रुपये लिहिले असते तर मी डोळे मिटून घेतले असते. पण ‘वर चाळीस’ म्हटलं की आमच्या घराण्याचं रक्त आड येतं.

मग चहाची गाळणी घेतली, ११९ रुपये. घरात आहे, पण तिची जाळी एका कडेला सुटलीय आणि रोज शेवटच्या घोटाला चोथा येतो. मग नेलकटर, ८४. घरात तीन आहेत, सापडत एकही नाही. बेरीज झाली ४५२. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत सरकत कडेपाशी आली आणि खाली अक्षरं उमटली: आणखी ४७ रुपयांची खरेदी करा.

सत्तेचाळीस.

दुसऱ्या कुणाच्या घरात हा आकडा दिसला तर पंधरा ऑगस्ट आठवत असेल. आमच्याकडे ॲडलेड आठवतं.

१९७७-७८चा हिवाळा. बेदीचा भारतीय क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात गेला होता. आम्ही वाईला गणपती आळीत राहायचो. अण्णा शाळेत गणित शिकवायचे, आणि ऑस्ट्रेलियातला खेळ आपल्याकडे पहाटे सुरू व्हायचा. आजी माजघरात झोपलेली, आई चार वेळा उठून नुकती डोळा लागलेली, आणि अण्णा ट्रान्झिस्टरचा कान पिळत बसलेले. शॉर्टवेव्हची ती खरखर, मध्येच कुणीतरी इंग्रजीत ओरडल्यासारखं, मग पुन्हा खरखर. आजी आतून म्हणायची, “अरे, त्याला काय झालंय? सुंठ उगाळून दे.”

तेव्हा अण्णांनी एका दिवाळी अंकात जाहिरात हेरली. ट्रान्झिस्टरला लावायचा इअरफोन, एका कानाचा. किंमत साडेबारा रुपये. ट. ख. वेगळा.

आता हे सांगायलाच हवं, की ट. ख. वेगळा हे एका गृहस्थांचं नाव आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आमच्या शाळेतले सगळे मास्तर आद्याक्षरांनीच ओळखले जायचे, त्यामुळे आद्याक्षरांत नवल नव्हतं. आडनाव मात्र जरा गुजराती वाटायचं. पंचांग असो, केशतेल असो, घरबसल्या इंग्रजी शिकवणारं पुस्तक असो, प्रत्येक जाहिरातीखाली यांची सही. केवढा मोठा व्यापार असेल, असं वाटायचं. टपाल खर्च हा उलगडा झाला तेव्हा मी चौथीत होते आणि मला थोडं वाईट वाटलं.

व्ही.पी., म्हणजे दारात पोस्टमनला पैसे देऊन सोडवायचं पार्सल, यायला वेळ लागला. ब्रिस्बेनला आपण १६ धावांनी हरलो, पर्थला दोन विकेटनी हरलो, मग मेलबर्न आणि सिडनी जिंकलो. दोन-दोन. पाचवी कसोटी ॲडलेडला, सहा दिवसांची. ती चालू असतानाच एका सकाळी पोस्टमनकाकांनी दारात सायकल लावली.

पार्सल माझ्या हातात दिलं. खाकी कागद, वर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाखेचा लाल थेंब, त्यात कुणाच्या तरी अंगठ्याची रेघ उमटलेली. पत्ता जांभळ्या शाईत, ‘वाई’तल्या वेलांटीचा फराटा पार कडेपर्यंत गेलेला. हलवलं की आत काहीतरी खुळखुळायचं. कानाला लावून बघितलं. मला वाटलं, आत्ताच कॉमेंट्री ऐकू येईल.

“गुरुजी, पंधरा रुपये ऐंशी पैसे.”

अण्णा चष्मा लावून बाहेर आले. “साडेबारा.”

“साडेबारा मालाचे. वरचे टपालाचे, व्ही.पी.चे, मनीऑर्डर कमिशनचे.”

“म्हणजे तीन रुपये तीस पैसे कशाचे?”

“त्याच्या येण्याचे, गुरुजी.”

“तो चालत आला का?”

पोस्टमनकाका भला माणूस. त्यांनी पायातली धूळ झटकली आणि गप्प उभे राहिले. अण्णा म्हणाले, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.” आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. आतून आई म्हणाली, “इथं उलटं आहे हो. बारा आण्याची कोंबडी, मसाला तीन आण्यांचा.” हिशेब तिचा बरोबर होता, आणि गणिताच्या मास्तरांना त्याचाच राग आला असावा. व्ही.पी. सोडवून घेतली नाही. पोस्टमनकाकांनी पार्सलावर शेरा मारला, माझ्या हातून ते काढून घेतलं आणि पिशवीत टाकलं. सुतळीचा वास हाताला राहिला. सायकल आळीच्या टोकाला वळेपर्यंत मी पायरीवर उभी होते.

बरोबरीला ४९२, जिंकायला ४९३ हवे होते. एवढे कुणी चौथ्या डावात करतं का? पण करत चालले होते. अण्णा गोधडीत शिरायचे, ट्रान्झिस्टर उशी आणि कान यांच्यामध्ये दाबायचे, आणि गोधडीचा तो डोंगर अधूनमधून हलायचा. शेवटच्या दिवशी ते शाळेत उशिरा गेले. त्यांच्या नोकरीत हे बहुधा एकदाच झालं. ४४५ला डाव संपला. गोधडीतून बाहेर आले तेव्हा कान लालबुंद आणि त्यावर स्पीकरच्या जाळीचे ठिपके उमटलेले. एकच शब्द बोलले, “सत्तेचाळीस.”

तेव्हापासून आमच्याकडे थोडक्यात हुकलेल्या प्रत्येक गोष्टीला सत्तेचाळीस म्हणतात. साताऱ्याची एसटी डोळ्यांदेखत सुटली, सत्तेचाळीस. दूध उतू गेलं आणि तेवढ्यात आपण पोचलो, सत्तेचाळीस. माझी स्कॉलरशिप तर होतीच.

आणखी एक आठवतं. त्या वर्षीच्या दिवाळीत अण्णांनी पोस्टमनकाकांना पोस्त दिली ती पाच रुपये. वर चिवडा, दोन लाडू, आणि चहा. तीन-तीस आणि पाच ही त्यांच्या लेखी वेगवेगळ्या वह्यांतली खाती होती.

असो. सत्तेचाळीस रुपयांत काय येतं हे मी दुपारभर बघत होते. कापूर ९९. चिमटे ६५. नेमकं सत्तेचाळीसचं काहीही नाही, आणि हे मुद्दाम केलेलं असतं अशी माझी खात्री आहे. मध्येच वाटलं, त्यापेक्षा तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन यावं. तिथं दुकानदार आपला फोन स्वतःच्या हातानं लावून दाखवतो, डावा ऐका, उजवा ऐका, झालं? मग दुकानाच्या पायरीखाली पाय पडला की माल तुमचा आणि नशीब तुमचं. पण सिंहगड रोडवरून बुधवार पेठेत जायचं म्हणजे जाता-येता रिक्षा, आणि गेलंच आहे मंडईपर्यंत तर थोडी फुलं, थोडी फळं. लेकाला फोन केला. तो बंगळूरला असतो. म्हणाला, “आई, चाळीस रुपयांसाठी तू तीन तास घालवलेस?” मी म्हटलं, “तीन तास माझेच आहेत, त्यांना कुठं टपालखर्च पडतो.” तो हसला. मग म्हणाला, “घेऊन टाक, मी पाठवतो चाळीस.” हे मात्र लागलं. रात्री गाळणी काढली, नेलकटर काढलं, आणि नुसते हेडफोन घेतले. २८९.

मंगळवारी आले. धो धो पाऊस, लिफ्ट बंद, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. डिलिव्हरीवाल्या मुलाच्या रेनकोटातून जिन्यात पाण्याची ओळ आली होती. पार्सल मात्र त्यानं पोटाशी, आतल्या शर्टात धरलेलं, कोरडं. “ओटीपी सांगा, काकू.” सांगितला. पाणी आणते म्हटलं तर नको म्हणाला, अजून बावीस आहेत. मला विचारायचं होतं, की या चाळीसातले तुला किती मिळतात. तोंडात शब्द जुळेपर्यंत तो दुसऱ्या मजल्यावर पोचला होता.

हेडफोन बरे आहेत. तबला परत आला. माझ्या जुन्या फोनला अजून ते गोल भोक आहे. २०१६मध्ये आयफोननं ते बुजवलं आणि मग एकेकानं बुजवायला घेतलं. लेक म्हणतो, ही साडेतीन मिलिमीटरची पिन मुळात ट्रान्झिस्टर रेडिओच्या इअरफोनसाठीच आली होती, १९५०च्या दशकात. हे ऐकल्यावर मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून अण्णांचा ट्रान्झिस्टर काढला. वाईचं घर विकलं तेव्हा मी एवढंच आणलं होतं. चामड्याचं कव्हर पापुद्र्यासारखं सुटतंय, सेलच्या घरात हिरवं-पांढरं काहीतरी फुटलंय. बाजूला ते भोक. सगळीकडे धूळ, पण भोकाची चकती चकचकीत, कधी काही न लागलेली.

नव्या हेडफोनची पिन लावून बघितली. टक् झालं आणि बसली.

लेकाला सांगितलं तर म्हणाला, बसेल, पण त्या काळच्या भोकात असली पिन लावली की एकाच बाजूला आवाज येतो. डाव्या.

सेल अजून आणलेले नाहीत. कोपऱ्यावरच मिळतात.