राजमा, पण सालीशिवाय

इलिऑस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढायचं ऑपरेशन, झालं की आहाराचा एक कागद हातात पडतो. त्यात कडधान्यं 'टाळा' या रकान्यात असतात, आणि बरेच जण तो कागद जन्मभराचा समजतात. मी नाही समजले. ऑपरेशननंतरचे पहिले ६ ते ८ आठवडे आतड्याला सूज असते, म्हणून कमी चोथ्याचं खायचं. तेवढं इमानेइतबारे पाळलं. मग स्टोमा (पोटावरचं आतड्याचं ते तोंड) सांभाळायला शिकवणाऱ्या नर्सला विचारलं, की आता नक्की घाबरायचं कशाला?

भीती दोन आहेत: वायूची आणि अडकण्याची. वायूने बॅग (स्टोमावर चिकटवलेली, मळ साठवणारी पिशवी) फुगते, चारचौघांत आवाज होतो (स्टोमाला आवरून धरणारा स्नायूच नसतो, तो बिचारा काय करणार), पण तेवढ्याने काही बिघडत नाही. अडकणं मात्र गंभीर. लहान आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढलेलं असतं आणि तिथली वाट अरुंद असते. नीट न चावलेल्या सालींचा गोळा तिथे बसला, की पुढचं सगळं थांबतं.

म्हणजे माझं भांडण दाण्याशी नाहीच, सालीशी आहे. बॅग रिकामी करताना ते डोळ्यांनी दिसतं: आतला गर कुठेच नाही, राजम्याची साल मात्र गुंडाळी होऊन जशीच्या तशी. (जेवताना वाचत असाल तर माफ करा. आम्हा स्टोमावाल्यांना असल्या गप्पा चालतात.)

सुरुवात मी सालं काढलेल्या मूग आणि मसूर डाळीपासून केली, अगदी मऊ शिजवून आणि घोटून. एका वेळी एकच नवं, दोन चमचे, तेही दुपारी, म्हणजे काय होईल ते जागेपणी कळतं. मग छोले. रात्रभर भिजवून, शिजवून, पाण्यात हलक्या हाताने चोळले की सालं सुटून वर येतात. कंटाळवाणं काम आहे, पण करते. नंतर ते वाटून टाकते.

राजम्याला जास्त जपावं लागतं, आणि हे स्टोमा नसलेल्यांनाही लागू आहे. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन विषारी असतं. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय ते मरत नाही. नुसत्या मंद आचेवर भागत नाही. पाणी फेकण्याचा आणखी एक फायदा: रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरांचा काही भाग त्यातून निघून जातो. त्या पचवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतं, मग त्यांवर जिवाणू ताव मारतात आणि वायू होतो. मोठं आतडं वाटेत नसलं तरी लहान आतड्याच्या शेवटाला जिवाणू असतातच, त्यामुळे वायू पूर्ण टळत नाही. राजमा जिभेने टाळूवर दाबून चिरडला गेला, तरच शिजला म्हणायचा. मग चाळणीतून गाळून घेते.

एवढं करूनही बॅग काही तास कोरडी राहिली, किंवा नुसतं पाणी उडायला लागलं आणि पोटात कळा आल्या, स्टोमा सुजला, तर घन अन्न बंद. उलटी झाली किंवा कळा थांबल्या नाहीत तर सरळ हॉस्पिटल. पोट साफ करायचं औषध, म्हणजे रेचक, अजिबात घ्यायचं नाही.

मटाराशी माझं जमलेलं नाही. एकेक दाणा सोलायला लागणारा धीर माझ्यात नाही, आणि खरं सांगू का, मटार मला आधीही आवडत नव्हता.