लॉकरमधलं पाणी

हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत गॅसची लाइन टाकायचं काम मी नाशकात २२ वर्षं करतोय. बोटीचं काम मात्र पहिलंच. अंबडच्या एका शेडमध्ये २४ फुटी जुनी फायबरची बोट उभी होती. मालक निवृत्त मास्तर. बोट दुरुस्त करून दाभोळच्या खाडीत न्यायची आणि दोन-दोन दिवस पाण्यावर राहायचं, हे त्यांच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. गॅससाठी २० हजार बाजूला ठेवले होते. त्यातून काचेची दोन बर्नरची शेगडी, हॉटेलवाले लावतात तो हाय-प्रेशर रेग्युलेटर आणि चार मीटर रबरी नळी आधीच घेऊन झाली होती.

"सर, यातलं काहीच बसवणार नाही मी," म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. पण घरगुती शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सुटायची बारीक भोकं, कमी दाबासाठी असतात, त्यांना हाय-प्रेशर रेग्युलेटर जोडणं म्हणजे आग बोलावणं. हॉटेलांतही लोक हेच करतात, चार मिनिटं लवकर पाणी उकळावं म्हणून. सांगून थकलो.

बोटीत त्याहून मोठी अडचण. आपला टाकीतला गॅस, एलपीजी, हवेपेक्षा जड, दीडपट ते दुप्पट. घरात गळला तर दाराच्या फटीतून थोडा तरी बाहेर जातो. बोट म्हणजे वाडगा. गळलेला गॅस तळाशी साचणार, आणि तळातच बॅटरी, पंप, पंपाचा स्विच. हवेत साधारण २ टक्के गॅस झाला की एक ठिणगी पुरते.

म्हणून पैसे असे वाटले. ५ किलोची टाकी, डेकवरून उघडणाऱ्या बंद लॉकरमध्ये. लॉकरच्या तळाला एक नळी, उताराने थेट बोटीबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर निघणारी. कमी दाबाचा रेग्युलेटर. शेगडीपर्यंत तांब्याची लाइन, वीत-वीतभर अंतरावर क्लिपा; रबरी नळी फक्त शेवटी हातभर, तीही तारेच्या जाळीची सुरक्षा नळी, जी पाच वर्षांनी बदलायची. शेगडीला आच विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारा सेन्सर हवाच. खाडीतला वारा आच विझवणार. सेन्सरवाली दोन बर्नरची शेगडी बजेटबाहेर जात होती. एक बर्नर घ्या, पण सेन्सरवाला, असं सांगितलं. सर दोन दिवस गप्प होते. मग "चहा आधी, भात नंतर. चालेल," म्हणाले.

तांब्याचं काम मी मन लावून केलं. एकेक वळण बेंडरवर घेतलं, कुठे चेप नाही. हवा भरून मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायची नळी, लावला. पातळी केसभर हलली नाही. साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. वहीत 'ओके' लिहून सही केली.

मग आमच्या पोऱ्याने उरलेलं साबणाचं पाणी लॉकरमध्येच ओतलं, धुऊन निघावं म्हणून. पाणी बाहेरच्या नळीतून पडायला लागलं. आणि केबिनमधून सर ओरडले, "भाऊ, इथे खाली पाणी येतंय!"

लॉकरच्या मागच्या भिंतीत, अगदी तळाशी, बोटभर भोक होतं. डेकवरच्या दिव्याची वायर नेण्यासाठी वायरमनने पाडलेलं, टाकीच्या बुडामागे. टाकीवरच्या जोडातून गॅस सुटला असता तर अर्धा बाहेर आणि अर्धा थेट बॅटरीशेजारी. माझी लाइन तसूभर गळत नव्हती, तरी बोट सुरक्षित नव्हती, आणि सही माझी होती.

वायरमनला फोनवर खूप बोललो. "भोक कुठे पाडू नको, हे कुणी सांगितलं होतं का?" असं तो म्हणाला. नव्हतं सांगितलं. वायर वरून फिरवली, भोक फायबरने बुजवलं, दुसऱ्या दिवशी दोन बादल्या पाणी ओतलं. तळ कोरडा राहिला तेव्हा वहीत दुसऱ्यांदा सही केली.

बोट गेली. माझं लक्ष मात्र त्या भोकात अडकलंय. गंगापूर रोडच्या एका हॉटेलचं स्वयंपाकघर तळघरात आहे, लाइन मीच टाकलेली. तिथेही दाब बघितला, फेस लावला. गळलेला गॅस कुठे जाऊन बसेल, हे बघितलं नव्हतं. मालकाला फोन केला. "एवढ्या वर्षांत काही झालं नाही, आता काय?" म्हणाला. सोमवारी सकाळी, भट्ट्या पेटायच्या आधी, बादली घेऊन जाणार आहे.