कोल्हापूर ते तिरुपती, 50 मिनिटांत?

स्टेशन रोडला माझं छोटं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. 2019 ला कोल्हापूर-तिरुपती थेट विमान सुरू झालं त्यानंतरची ही गोष्ट. गडहिंग्लजकडचे एक दादा आईला घेऊन आले, आज्जींचं वय 78, गुडघे गेलेले, बालाजीचा नवस राहिलेला आणि विमानात बसायची लई हौस. दादांनी 300 रुपयेवाल्या दर्शनाचा दुपारी 12 चा स्लॉट आधीच काढून ठेवलेला, आता फक्त त्या दिवशीचं विमानाचं तिकीट द्या म्हणाले, दहाला निघालो की अकराला पोचतोय. कसं काय विचारलं तर मोबाईल पुढं केला, कुठल्यातरी साईटवर अंतर 655 किमी आणि वेळ 50 मिनिटं.

अंतर बरोबर होतं, म्हणजे सरळ रेषेतलं. पण तो वेळ मोठ्या जेटच्या स्पीडनं काढलेला, ताशी 800 वगैरे. आपल्या उजळाईवाडी विमानतळावरनं तेव्हा जायचं ते पंख्याचं छोटं एटीआर विमान, ते ताशी 500 च्या आसपास. मी तिकिटाच्या मागंच हिशेब मांडून दाखवला, नुसते हवेतले 80 मिनिटं, त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना फिरून येणं धरलं की दीड तासाच्या पुढंच. आणि उतरायचं रेणीगुंट्याला, तिथनं तिरुपती 15 किमी, मग डोंगराच्या पायथ्याला अलिपिरीला गाडी आणि सामानाचं चेकिंग, मग वर देवळापर्यंत वीसेक किमीचा घाट. पावसाळ्यात ढग खाली आले की आपल्याकडंच विमान लेट होतंय ते वेगळं. 12 चा स्लॉट गाठणं शक्यच नव्हतं आणि ती तारीख पुढं ढकलता येत नव्हती.

दादांचा चेहरा उतरला. मला त्या साईटचा खरंच राग आला, नुसता आकडा टाकून मोकळे होतात, कुठलं विमान जातंय ते बघायचं नाही, आणि म्हातारं माणूस त्याच्या भरवशावर तीन महिने दिवस मोजत बसतंय.

मग जाताना हरिप्रिया एक्स्प्रेसनं, म्हणजे कोल्हापूर-तिरुपती रेल्वेनं पाठवलं. वीस-बावीस तास लागतात, म्हणून दर्शनाच्या दोन दिवस आधीच निघा आणि आदल्या रात्री तिथं आराम करा म्हटलं. विमान फक्त येताना. आज्जी आधी गप्पच होत्या, मग म्हणाल्या, "हरिप्रिया म्हंजे आपली अंबाबाईच की रं बाळा, तिच्या गाडीनं जाऊ."

परतीच्या दिवशी मी मुद्दाम विमानतळावर गेलो, एरवी कुठल्या पॅसेंजरसाठी जात नाही. दर्शन वेळेत झालेलं. आज्जी बाहेर आल्या त्या दादांचा हात सोडून, पदराच्या गाठीतनं लाडवाचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि लेकाचं घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलेलं ते मला दाखवत म्हणाल्या, "एक तास पस्तीस मिन्टं. बसल्यापास्नं बघत हुते."