बादलीला कडीऐवजी वेणी

इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षेतल्या वस्तुचित्रासाठी आपल्या चित्रकलेच्या वर्गात तांब्या, बादली, कांदे आणि चुरगाळलेलं फडकं मांडलं जायचं. अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) चित्राला, म्हणजे ओळखीच्या वस्तू स्वप्नातल्यासारख्या विचित्र करून दाखवणाऱ्या चित्राला, याहून जास्त सामान लागत नाही, हे मला इथं आवर्जून सांगायचं आहे. आजच्या मुलांना तर नक्कीच.

या चळवळीचा, कवी आंद्रे ब्रेतों यांचा जाहीरनामा १९२४ चा. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, चित्रकार मॅन रे यांनी साध्या इस्त्रीच्या तळाला मधोमध एका ओळीत खिळे चिकटवले. चित्रकर्ती मेरेट ओपनहाइम यांनी १९३६ मध्ये कपबशी आणि चमचा केसाळ कातड्यानं मढवला. वस्तूचा आकार दोघांनीही मोडला नाही, फक्त तिचा गुण उलटा केला. नवशिके मात्र एकाच कागदावर डोळा, घड्याळ, जिना, पंख सगळं कोंबतात आणि मग कशाचंच नवल वाटत नाही. एका चित्रात एकच गोष्ट बिघडवावी.

समजा, बादलीला कडीऐवजी केसांची वेणी लावायची आहे. बादली जमिनीवर असेल तर वेणी काठावरून सैल लोंबली पाहिजे. कडीसारखी ताठ कमान काढली तर ती नुसती नक्षी होते. बादली उचललेली असेल तर वेणी ताणलेली हवी आणि बादलीच्या कानांपाशी पेड थोडे सुटलेले हवेत, कारण वजन तिथं येतं. उजेड दोन्हींवर एकाच बाजूनं पडू द्या. बादली समोर बघून आणि वेणी फोटोवरून काढली की सावल्या भांडतात, वेणी कापून डकवल्यासारखी दिसते.

पोतासाठी चित्रकार माक्स अर्न्स्ट यांची १९२५ ची फ्रोताज, म्हणजे घासून ठसा उठवायची पद्धत सोपी आहे. त्यांनी लाकडी जमिनीवर कागद ठेवून घासला. सांगलीत हळदीचं पोतं किंवा नुकताच टाकी लावलेला पाटा घ्यावा. कागद पातळ, ७०-८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम), झेरॉक्सचा चालतो. जाड कार्ट्रिजवर (चित्रकलेच्या कागदावर) गोणपाटाची वीण उठतच नाही. चारही कोपरे चिकटपट्टीनं चिकटवा, कागद सरकला तर ठसा दुहेरी येतो. ६बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. टोकानं घासलं तर खळग्यात कागद फाटतो. मग त्या ठशात काय दिसतं ते बघा आणि तेवढंच गडद करा. वरून फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसू न देणारा फवारा) मारलं नाही तर सगळं पुसट होतं.

खऱ्या वस्तू जोडताना धातूवर धातू फेव्हिकॉलनं बसत नाही. त्यातलं पाणी शोषायला एक तरी बाजू लाकूड-कापडासारखी लागते. धातूवर धातूसाठी दोन नळ्यांचं अ‍ॅराल्डाइट समप्रमाणात घ्या. आधी तेलकटपणा काढून पृष्ठभाग पॉलिश पेपरनं खरखरीत करा आणि जोड रात्रभर हलवू नका. मिरजेतून सतारीच्या भोपळ्याचे तुकडे मिळाले तर खिळा ठोकू नका, कवच तडकतं. आधी बारीक ड्रिलनं भोक पाडा.

रंग म्हणून हळद वापरायचा मोह आपल्याकडे होणारच. चुन्याची निवळी लावली की ती लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. गंमत खरी, पण उजेडात हळदीचा रंग उडतो. भिंतीवर लावायच्या चित्रात पिवळा पोस्टर कलरच बरा.