बीपीची गोळी मध्येच का सुटते

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने गोळी सोडली की घरचे त्याला बेफिकीर ठरवतात. नागपूरच्या महाल भागातल्या एका औषध दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करताना मला हा ठपका बहुतेक वेळा अन्यायाचा वाटत आला आहे. ताप किंवा दातदुखी असेल तर गोळी घेतल्यावर काही तासांत आराम पडतो. पण ज्याचा रक्तदाब १६०/१०० आहे त्याला बहुधा काहीच होत नसते, आणि गोळी सुरू केल्यावर जाणवलाच तर तिचा त्रास तेवढा जाणवतो. ॲम्लोडिपिनने काहींच्या पावलांवर सूज येते, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या बाईंना बर्डीवर खरेदीला जायचे असेल, तर वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या काळजीने त्या त्या दिवशीची गोळी टाळतात, आणि डॉक्टरांसमोर ही गोष्ट संकोचाने बोलत नाहीत.

त्यातच शरीरातले ॲम्लोडिपिन निम्मे व्हायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी रक्तदाब लगेच चढत नाही, आणि 'नाही घेतली तरी काही झाले नाही' हा अनुभव मनात पक्का बसतो. सगळ्याच औषधांचे असे नाही. क्लोनिडिन अचानक बंद केले तर रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळू शकतो.

नागपूरचा उन्हाळा हे मला सर्वांत मोठे कारण वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, घामावाटे पाणी आणि मीठ निघून जाते, रक्तदाब खरोखरच थोडा उतरतो आणि उठताना चक्कर येते. रुग्णाचा अंदाज इथवर बरोबरच असतो. अशा वेळी रक्तदाब मोजून डॉक्टरांनी डोस कमी करावा, हे योग्य. प्रत्यक्षात मात्र गोळी परस्पर बंद होते, आणि पाऊस लागून हवा थंडावली तरी ती पुन्हा सुरू करण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

एका वयस्क गिऱ्हाइकाला मी विचारले, "काकाजी, मधल्या गोळ्या कशा काय उरल्या?" ते म्हणाले, "चतुर्थी होती न जी, मग नवरात्र आलं. उपाशीपोटी गोळी कशी घ्यायची?" ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या दोन्ही गोळ्या रिकाम्या पोटीही घेता येतात, हे त्यांना तोवर कोणी सांगितलेच नव्हते. नाश्त्यानंतर घ्या, एवढेच सांगितलेले असेल, तर नाश्ता नसलेल्या दिवशी गोळीही नसणार.

पैशांचे कारण तर उघडच आहे. महिन्याच्या शेवटी "पाचच द्या" असे सांगणारे खूप असतात. पाच गोळ्या कापून दिल्या की औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख अनेकदा उरलेल्या पट्टीवर राहते, आणि पुढच्या वेळी रिकामा चांदीचा तुकडा पुढे करून "हीच द्या" असे म्हटले जाते. म्हणून मी पाकिटावर नाव, मिलिग्रॅम आणि मुदत लिहून देतो. सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळते खरे, पण रांगेत अर्धा दिवस गेला की रोजंदारीच्या माणसाची मजुरी बुडते. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी 'कमी ताकदीची' असते, हा समजही अजून पुरता गेलेला नाही.

आठवड्याच्या कप्प्यांची डबी अनेकांना उपयोगी पडते. मात्र टेल्मिसार्टनला दमट हवा सोसत नाही, त्यामुळे ती गोळी पट्टीतून आधीच काढून ठेवू नये, पट्टीचा तुकडाच कप्प्यात ठेवावा. आणि सूज, खोकला किंवा लघवीचा त्रास असेल तर तो गोळी बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट सांगावा, कारण रॅमिप्रिलने खोकला येत असेल तर टेल्मिसार्टनसारखा पर्याय असतो, सुजेसाठी ॲम्लोडिपिनचा डोस कमी करता येतो किंवा औषधच बदलता येते, आणि लघवीच्या गोळीची वेळही त्यांना विचारून आपल्या कामाच्या वेळेप्रमाणे ठरवून घेता येते.