तुम्ही विचारलंत म्हणून: लेकराच्या अंगातला हिरवा रंग

"मॅडम, एवढ्याशा लेकराच्या अंगात हिरवा रंग सोडता म्हणे. त्याले काही होत तं नाही नं?" तान्ह्याच्या आतड्याच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करता करता कुणीतरी हे विचारतंच. पोट उघडतात सर्जन, पण मी भूलतज्ज्ञ. रंग शिरेतून देते मी, म्हणून उत्तरही माझ्याच गळ्यात पडतं. ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या दाराशी ते दोन वाक्यांत आटपावं लागतं. इथे जरा सवडीनं सांगते.

रंगाचं नाव इंडोसायनिन ग्रीन. आम्ही आयसीजी म्हणतो. तो काही कालपरवा आलेला नाही. कोडॅकच्या प्रयोगशाळेत फोटोग्राफीच्या कामातून निघाला, १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माणसांत वापरला गेला आणि १९५९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं त्याला परवानगी दिली. (नागपुरात सीए रोडवरच्या आपल्या मेयो रुग्णालयाचा यात काही हात नाही. ते लॉर्ड मेयोच्या नावाचं.) डोळ्यांचे डॉक्टर तर पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बघायला तो वर्षानुवर्षं वापरत आलेत.

शिरेत गेला की तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो. यकृत त्याला उचलतं आणि जसाच्या तसा पित्तात सोडतं. मूत्रपिंडाकडे तो जात नाही, त्यामुळे लघवी हिरवी होण्याची काळजी नको. मोठ्या माणसाच्या रक्तातून तीन-चार मिनिटांत निम्मा निघून जातो; तान्ह्याचं यकृत कच्चं असतं, तिथे थोडा जास्त वेळ धरून चालावं. मात्रा अगदी चिमूटभर. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरली, तर दीड किलोच्या बाळाला ०.३ मिलिग्रॅम. एकूण मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅमची, म्हणजे आम्ही तिच्या जवळपासही नसतो. कुपीत २५ मिलिग्रॅम पूड असते. ती सलाईनमध्ये नाही, निर्जंतुक पाण्यातच विरघळवायची आणि सहा तासांत वापरायची. पुडीत थोडं आयोडाइड असतं, ॲलर्जी क्वचित होऊ शकते, म्हणून ॲड्रिनलिन हाताशी ठेवूनच रंग द्यायचा. "काहीच होत नाही" असं मी कुठल्याच औषधाबद्दल सांगत नाही. पण बाळाला त्या दिवशी ज्या गोष्टींचा धोका असतो, त्यांच्या यादीत हा रंग फार खाली येतो.

आता तो द्यायचा कशासाठी? आतड्याला पीळ पडलेलं किंवा दिवसांआधी जन्मलेलं, एनईसी (आतडं सुजून सडू लागण्याचा आजार) झालेलं बाळ टेबलावर असतं. सर्जन पीळ सोडवतात. काही भाग गुलाबी होतो, काही काळाच राहतो. या दोन्हींबद्दल वाद नसतो. घोळ असतो मधल्या जांभळट भागाचा. तो ठेवला आणि सडला तर बाळ जातं. भीतीपोटी कापला तर आतडं तोकडं पडतं. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत लहान आतड्याची लांबी जवळपास दुप्पट होते, म्हणजे आधी जन्मलेल्या बाळाकडे मुळातच कमी असतं. दूध पचवण्याइतकं उरलं नाही तर महिनोन्‌महिने शिरेतून पोषण द्यावं लागतं. गोंदिया-गडचिरोलीहून आलेल्या घराला ते कसं झेपावं? म्हणून इथे सेंटिमीटरचा हिशोब चालतो.

पूर्वी, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी, कोमट सलाईनच्या पट्ट्या गुंडाळून थांबायचं. आतड्याचा रंग बघायचा, हालचाल बघायची, धमनीचे ठोके बघायचे. तरीही पटलं नाही तर पोट तात्पुरतं झाकून २४ ते ४८ तासांनी पुन्हा उघडायचं. ही पद्धत वाईट नाही, पण अनुभवी माणसाचा अंदाजही चुकतो. म्हणून आयसीजी: रक्त पोचतं तिथे तो पोचतो आणि खास कॅमेऱ्यात उजळतो.

आयसीजीच्या वेळी ओटीतले मोठे दिवे बंद होतात. तान्ह्यासाठी एसी बंदच असतो; मे महिन्यात नागपुरात म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सर्जनच्या कपाळावरचा घाम सिस्टर टिपते. मी रंग देते, मागून सलाईन ढकलते आणि "दिला" म्हणते. साध्या डोळ्यांना आतड्यात काहीच फरक दिसत नाही, कारण कॅमेऱ्याच्या दिव्याखाली रंगातून निघणारा प्रकाश आपल्या नजरेपलीकडचा, ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा. स्क्रीनवरची हिरवाई कॅमेऱ्यानं भरलेली. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आधी उजळतात, मग आतड्याची भिंत. जिथे रक्त पोचत नाही तो तुकडा काळाच राहतो. काही क्षण माझ्या मॉनिटरवर सॅच्युरेशनचा आकडा जरा खाली गेल्यासारखा दिसतो. तो यंत्राचा गोंधळ. हे नव्या शिकाऊ डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ते उगाच ऑक्सिजन वाढवतात.

इथून पुढचं मात्र मला ठासून सांगायचंय, कारण "कॅमेरा आहे म्हणजे चूक होणारच नाही" असं लोक धरून चालतात. कॅमेरा त्या घडीचं रक्त दाखवतो. बाळाचं बीपी पडलेलं असेल, मी ते औषधांनी ओढून धरलेलं असेल, तर त्याच औषधांनी आतड्याच्या वाहिन्या आवळल्या जातात आणि जगणारा भागही मंद दिसतो. म्हणून "दोन मिनिटं थांबा, बीपी सावरू द्या" हे मी सर्जनला खुशाल म्हणते. उलटही होतं. वेळ गेला की रंग शेजारून झिरपतो आणि मेलेला भागही उजळल्यासारखा वाटतो. त्यामुळे पहिल्या मिनिटभरात जे दिसतं त्यावर भर. दुसरा डोस द्यायचा तर आधीचा रंग ओसरू द्यायचा.

काटोलकडच्या एका आजोबांना हे सांगत होते तर ते म्हणाले, "म्हंजे ठिबक चालू हाय, पन झाड जगनच असं नाही." संत्र्याचा बागायतदार माणूस. मला यापेक्षा नीट सांगता आलं नसतं.

आणि पुरावा म्हणाल, तर मोठ्यांच्या आतड्याच्या शस्त्रक्रियांत यावर बरेच अभ्यास झालेत. तान्ह्यांत मात्र बहुतेक छोट्या रुग्णमालिका, म्हणजे थोड्याशा बाळांच्या नोंदी आहेत. माझं मत असं की जांभळट भागाबद्दल शंका असेल तेव्हा तो जरूर वापरावा. काळ्याठिक्कर आतड्यावर किंवा स्वच्छ गुलाबी आतड्यावर केवळ कॅमेरा आहे म्हणून वापरण्यात अर्थ नाही.

शेवटचा प्रश्न फोनवर येतो, बहुतेक रात्री: "इथं तो कॅमेरा नाही म्हंतेत. लेकराले दुसरीकडे हलवू का?" पीळ पडल्याची शंका असेल, बाळ हिरवं पित्त ओकत असेल आणि तिथे लहान मुलांचे सर्जन तयार असतील, तर अजिबात हलवू नका. पीळ आधी सुटू दे. त्यानंतरही शंका राहिली आणि पोट दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली, तर कॅमेऱ्याचं तेव्हा बघता येईल.