आमची वाटचाल : कोंबडी मोडपर्यंत

२०१९ ला क्वेस्ट नावाचा व्हीआर हेडसेट आला (डोळ्यांवर चढवला की आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असं वाटतं), कॉम्प्युटरला वायर न जोडता चालणारा, तेव्हा आम्ही दोघा मित्रांनी नोकऱ्या सोडून धायरीत एक गाळा भाड्याने घेतला. काम काय, तर बिल्डरचा फ्लॅट बांधून व्हायच्या आधीच व्हीआरमध्ये फिरवून दाखवायचा. कॅमेरा एकदम लोण्यासारखा, हॉलमधून किचन, किचनमधून बाल्कनी, कुठे अडखळणं नाही, आणि त्याचाच आम्हाला माज होता. पहिल्याच मोठ्या डेमोला गिऱ्हाइकाच्या सासूबाई बाल्कनीपर्यंत पोचल्या आणि "अहो काढा हे, मळमळतंय" म्हणत सोफ्यावर आडव्याच झाल्या. बुकिंग गेलं, आमचं राहिलेलं पेमेंट अजून आलेलं नाही, असो.

कारण साधं आहे, डोळे सांगतात आपण चाललोय, आतला कान सांगतो आपण बसलोय, आणि भोगतं पोट.

दिवाळीत गावी गेलो तर पुतण्या कोंबडी हातात धरून वर-खाली करत होता, अंग हलतंय पण मुंडी हवेत खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी! तिला आपल्यासारखे डोळे फारसे फिरवता येत नाहीत म्हणून सगळं काम मानेवर. चालतानाही मुंडी झटक्यात पुढे, मग ती तिथंच थांबते, मागून अंग येतं, परत झटका. (१९७८ मध्ये कबुतरांना ट्रेडमिलवर चालवून बघितलेलं, आजूबाजूचं जग सरकेना तर त्यांची मान हलायचीच थांबली.) म्हणजे आम्ही जे सरकणं कौतुकाने दाखवत होतो तेच ती टाळते.

परत आल्यावर तसंच केलं, एक-दीड पावलाचा झटका, मध्ये पापणी लवल्याएवढा अंधार, मग कॅमेरा गप्प उभा, वळायचं तर ३० अंशांच्या टप्प्यात. ऑफिसात नाव पडलं कोंबडी मोड, बिल्डरला मात्र आम्ही कम्फर्ट मोड सांगतो.

घुबड २७० अंशांपर्यंत मान वळवतं म्हणून घुबड मोड केला, तुम्ही ४५ वळा, सीन ९० वळेल, खुर्चीत बसूनच मागचं दिसेल. दुप्पट फार झालं, लोक गरगरले, आता अगदी थोडंच वाढवून देतो. घोड्याला जवळपास ३५० अंश दिसतं, तसं सगळीकडचं एकदम दाखवणारा घोडा मोड तर मी स्वतःच दोन मिनिटांत डोक्यावरून काढून फेकला.

जिना अजून जमलेला नाही. डुप्लेक्स असला की आम्ही सरळ वरच्या मजल्यावर उडी मारतो, आणि गिऱ्हाईक हमखास विचारतं, "जिना केवढा आहे हो?"